दूध संस्थेच्या सभासदांची पॉड आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या परवानग्या : एक प्रकरण अभ्यास

करवीर तालुक्यातील एका प्राथमिक दूध संस्थेने आपल्या सभासदांना व्यक्तिगत ऑनलाइन डेटा-साठे उघडून दिले. सॉलिड या तंत्रज्ञानात अशा साठ्याला पॉड म्हणतात. सगळी पॉड एका प्रोग्रामने एकगठ्ठा तयार केली आणि प्रत्येकात परवानग्यांचा एकच साचा बसवला. काही महिन्यांनी लक्षात आले की सभासदांनी आपापल्या पॉडमध्ये ठेवलेले दवाखान्याचे, जमिनीचे आणि कर्जाचे कागदही संस्थेच्या सचिवांना वाचता येत आहेत. कोणाचा पासवर्ड फुटला नव्हता, कोणी आगळीक केली नव्हती आणि सर्व्हरने एकही नियम मोडला नव्हता. साच्यात जे लिहिले होते तेच तो इमानाने पाळत होता. तो साचा कसा लिहिला गेला, त्याचा परिणाम असा का झाला आणि तो बदलताना कोणकोणत्या अडचणी आल्या, हा या लेखाचा विषय आहे. तांत्रिक तपासणीसाठी संस्थेने मला बोलावले होते. संस्थेचे, बँकेचे आणि व्यक्तींचे नाव जाणीवपूर्वक दिलेले नाही.

संस्थेला पॉड का हवी होती

दूध घालणाऱ्या घराची माहिती दिवसातून दोनदा तयार होते. सकाळी आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील स्निग्धांशाशिवायचे घन पदार्थ) आणि दर लिहिलेली पावती निघते. दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्य आणि उचल वजा होते. दिवाळीच्या तोंडावर दूध दराचा फरक जमा होतो. याशिवाय जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, लसीकरण, कृत्रिम रेतन आणि विमा यांची नोंद असते. म्हशीसाठी कर्ज मागायला गेले की बँक मागच्या दूध बिलांचा उतारा मागते, विम्याचा दावा करायचा तर डॉक्टरांचा कागद लागतो आणि प्रत्येक वेळी घरातले कोणीतरी संस्थेच्या दारात येऊन सचिवांना दप्तर काढायला सांगते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क आहे. परंतु पाहण्याचा हक्क असणे आणि कागद हाताशी असणे यांत बरेच अंतर आहे.

त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. नदीकाठच्या या गावात घराघरांतले कागद भिजले आणि संस्थेचे जुने दप्तरही त्यातून वाचले नाही. प्रत्येक सभासदाची माहिती त्याच्या नावाच्या वेगळ्या साठ्यात असावी, ती पुरात वाहून जाऊ नये आणि ती कोणाला दाखवायची हे त्यानेच ठरवावे, असा ठराव संस्थेत झाला तो या पार्श्वभूमीवर. संस्थेचे वैधानिक दप्तर आहे तसेच राहणार होते. पॉडमध्ये सभासदाची स्वतःची प्रत जाणार होती. हेतू चांगला होता आणि तो आजही चांगलाच आहे. पुढे जे मांडले आहे ते वाचून कोणी हा मार्गच सोडून दिला तर मला वाईट वाटेल.

पॉड उघडताना काय लिहिले जाते

वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये सॉलिड हा प्रकल्प सुरू केला. माहिती प्रत्येक ॲपच्या मालकाकडे साठत जाण्याऐवजी ती व्यक्तीच्या साठ्यात राहावी आणि ॲपने परवानगी घेऊन ती तिथे वाचावी किंवा लिहावी, ही त्यामागची कल्पना. साठ्यात फोल्डर आणि त्यांच्या आत फाइली असतात. प्रत्येक व्यक्तीला किंवा संस्थेला वेबआयडी असतो. तो एक वेब पत्ता असून परवानगीच्या नोंदीत नावाच्या जागी तोच लिहिला जातो. या दूध संस्थेने कम्युनिटी सॉलिड सर्व्हर हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले होते. त्यात नवे पॉड तयार होते तेव्हा साच्यांच्या फोल्डरातील फाइली त्यात उतरवल्या जातात आणि जिथे मालकाचा वेबआयडी हवा तिथे तो भरला जातो. परवानगीच्या फाइलीही याच साच्यातून येतात.

परवानगी लिहिण्याची जी पद्धत येथे वापरली होती तिचे नाव वेब ॲक्सेस कंट्रोल. तिच्यात फोल्डर किंवा फाइलीसोबत एक एसीएल फाइल असू शकते आणि त्या फाइलीत कोणाला, कशावर, कोणता अधिकार अशी विधाने असतात. अधिकार चार आहेत : वाचणे, लिहिणे, भर घालणे आणि नियंत्रण. भर घालण्याच्या अधिकाराने नवे जोडता येते, जुने खोडता येत नाही. नियंत्रण म्हणजे एसीएल फाइलच वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार, त्यामुळे तो ज्याच्याकडे असेल त्याला बाकीचे तीन केव्हाही स्वतःला देता येतात.

या प्रकरणाचा सगळा भार ज्या भेदावर आहे तो असा. परवानगीचे विधान एखाद्या फोल्डरशी दोन प्रकारे जोडता येते. ‘ॲक्सेसटू’ या शब्दाने जोडले तर ते त्या फोल्डरापुरतेच लागू होते. ‘डिफॉल्ट’ या शब्दाने जोडले तर ते त्या फोल्डराच्या पोटात आज असलेल्या आणि पुढे कधीही येणाऱ्या अशा प्रत्येक गोष्टीला लागू होते, फक्त तिला किंवा मधल्या एखाद्या फोल्डराला स्वतःची एसीएल नसावी. एखाद्या फाइलीची विनंती आली की सर्व्हर आधी तिची स्वतःची एसीएल पाहतो. ती नसेल तर एकेक पायरी वर चढतो आणि पहिली जी एसीएल सापडेल तिच्यातील डिफॉल्ट विधाने लावतो. शेवटची पायरी पॉडच्या मुळाची, म्हणजे सर्वांत वरच्या फोल्डराची, असते आणि तिथे एसीएल असावीच लागते. खालची एसीएल सापडली की वरची वाचली जात नाही, दोन्हींची बेरीज होत नाही. ‘अमुक व्यक्ती सोडून’ असे लिहिण्याची सोय या भाषेत नाही. ज्याच्याविषयी काहीच लिहिलेले नाही त्याला दार बंद असते.

बंद दारापासून सुरुवात करून परवानगी मोजून द्यावी, हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच संगणकीय संरक्षणाच्या मूलभूत तत्त्वांत मांडले होते. वेब ॲक्सेस कंट्रोलची भाषा त्या तत्त्वाला धरून आहे. मात्र भाषा कितीही सावध असली तरी साचा लिहिणारा पहिल्याच ओळीत मुळाशी डिफॉल्ट टाकू शकतो, आणि येथे तेच झाले.

साच्यात काय होते

मुळाच्या एसीएलमध्ये तीन विधाने होती. पहिले मालकाचे : मुळावर आणि पोटातल्या सर्व गोष्टींवर वाचणे, लिहिणे आणि नियंत्रण. हे योग्यच होते. दुसरे सर्वांसाठीचे : मुळाचे फोल्डर जगातील कोणालाही वाचता येईल, पण पोटातले नाही. हे विधान सर्व्हरसोबत येणाऱ्या तयार साच्यातलेच आहे. ज्याला पॉडच्या पत्त्यावर आपले मुखपृष्ठ ठेवायचे आहे त्याच्यासाठी ते सोयीचे आहे. तिसरे विधान संस्थेला तांत्रिक मदत करणाऱ्या व्यक्तीने जोडले होते : संस्थेच्या वेबआयडीला मुळावर वाचण्याचा आणि भर घालण्याचा अधिकार, ॲक्सेसटू आणि डिफॉल्ट या दोन्ही प्रकारे.

हे तिसरे विधान निष्काळजीपणातून आले असे मी म्हणणार नाही. साचा लिहिला तेव्हा दुधाच्या पावत्या कोणत्या फोल्डरात जाणार हे ठरलेले नव्हते. जनावरांची नोंद वेगळी ठेवायची की दुधासोबत, यावर चर्चा चालू होती. मुळाशीच परवानगी दिली की पुढे फोल्डर कसेही बदलले तरी सचिवांचे ॲप अडणार नाही, असा सरळ विचार होता. शिवाय त्या दिवशी पॉडमध्ये दुधाशिवाय काहीही नव्हते आणि दुधाची माहिती संस्थेकडे होतीच. त्या दिवसापुरती पाहिली तर ही परवानगी कोणाचेही काही उघड करत नव्हती. डिफॉल्ट विधान मात्र आजच्या वस्तूंबरोबरच पुढच्या वस्तूंविषयीही बोलते, आणि पुढे त्या साठ्यात काय येईल हे साचा लिहिणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नव्हते.

कसे लक्षात आले

सचिवांच्या ॲपमध्ये ‘नव्याने आलेले कागद’ अशी यादी होती. तिच्यात पावत्या दिसणे अपेक्षित होते. एका संध्याकाळी तिच्यात एका सभासद बाईंच्या रक्ततपासणीच्या अहवालाचे आणि सातबाराच्या उताऱ्याचे नाव दिसले. त्यांच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने घरातले कागद मोबाइलवर स्कॅन करून आईच्या पॉडमध्ये एका नव्या फोल्डरात ठेवले होते. पुराचा अनुभव असलेल्या घराला शोभेल असेच तिचे वागणे होते. सचिवांनी फाइल उघडली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाई दूध घालायला आल्यावर ते म्हणाले, “वहिनी, तुमच्या लेकीनं दवाखान्याचे कागद ठेवलेत, ते मला संगणकावर दिसायला लागलेत. मी उघडले नाहीत, पण ते मला दिसायला नकोत.” बाईंचे उत्तर होते, “अहो सचिव, ते तर माझ्याच खात्यात ठेवल्यात न्हवं?”

त्यांची समजूत बरोबर होती आणि व्यवस्था त्या समजुतीशी विसंगत होती. पॉड तिच्या नावावर होते, नियंत्रणाचा अधिकारही तिच्याकडे होता, आणि तिने एसीएल उघडून तिसरे विधान काढून टाकले असते तर कोणी अडवले नसते. कागदोपत्री तिचा हक्क पूर्ण होता. पण एसीएल म्हणून काही असते हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि सांगितले असते तरी संकलन केंद्रावरच्या रांगेत ते समजावून घेण्याची ती वेळ नव्हती. ज्या माणसाला सेटिंग उघडायची कधी गरज पडणार नाही त्याच्यासाठी साच्यातील पहिले मूल्य हेच कायमचे मूल्य असते. म्हणून साचा लिहिणारा एक तांत्रिक सोय करतो आहे असे समजणे मला मान्य नाही. तो गावातल्या प्रत्येक सभासदाच्या वतीने, त्याला न विचारता, एक निर्णय घेतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात संमती ठरावीक हेतूसाठी आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी असे म्हटले आहे. दुधाचे बिल काढणे हा हेतू धरला तर रक्ततपासणीचा अहवाल त्याच्या आसपासही येत नाही.

तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली, जिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. मुळाचे फोल्डर सर्वांना वाचता येत असल्यामुळे त्याच्या थेट आत असलेल्या फोल्डरांची नावे इंटरनेटवरील कोणालाही दिसत होती. फोल्डर वाचण्याचा अधिकार म्हणजे आत काय काय आहे याची यादी मिळणे. आतली फाइल उघडली नाही तरी तिचे नाव कळते. एका पॉडमध्ये ‘सोनेतारण’ नावाचे फोल्डर होते. आतला एकही कागद बाहेर गेला नसला तरी त्या घरात काय चालले आहे हे सांगायला ते नाव पुरेसे होते. पॉडचे पत्ते सभासद क्रमांकावरून ओळीने दिलेले असल्याने एकाचा पत्ता माहीत असला की शेजारच्याचा ओळखता येत होता.

नवा साचा लिहिताना

पहिली सूचना आली ती सरळ होती : संस्थेचे विधान काढून टाकावे आणि पॉडमध्ये मालकाशिवाय कोणालाच काही नसावे. तात्त्विक दृष्ट्या ही सूचना निर्दोष दिसते. व्यवहारात मात्र दुसऱ्याच दिवशी पावत्या पॉडमध्ये येणे थांबले असते, सचिवांनी प्रत्येक सभासदाला परवानगी द्यायला सांगितले असते आणि घाईत कोणीतरी ती पुन्हा मुळाशीच दिली असती. अति बंद साचा लोकांना मोठे दार उघडायला शिकवतो. म्हणून उत्तर परवानगीच्या कठोरपणात न शोधता फोल्डरांच्या रचनेत शोधावे असे मी सुचवले, आणि चर्चेनंतर ते मान्य झाले.

मुळाच्या एसीएलमध्ये आता एकच विधान आहे आणि ते मालकाचे आहे. सर्वांसाठीचे वाचन फक्त वेबआयडीच्या प्रोफाइल फाइलीवर, तिच्या स्वतःच्या एसीएलमधून दिले आहे, कारण लॉगिनची खातरजमा करणाऱ्या सर्व्हरला ती फाइल वाचावी लागते. त्या फाइलीत वेबआयडी आणि लॉगिन देणाऱ्या सेवेचा पत्ता याशिवाय काही ठेवलेले नाही. नाव, मोबाइल आणि खाते क्रमांक तिथून काढले. पॉडच्या पत्त्यातून सभासद क्रमांकही गेला.

दुधाच्या फोल्डराला वेगळी एसीएल दिली. तिच्यात मालकाचे विधान पुन्हा लिहावे लागले, कारण खालची एसीएल आली की वरची वाचली जात नाही. हे विसरले तर मालकच स्वतःच्या फोल्डराबाहेर राहू शकतो. काही सर्व्हर मालकाला एसीएल बदलण्याचा अधिकार नेहमीच राखून ठेवतात, पण त्या भरवशावर साचा लिहू नये. संस्थेला या फोल्डरावर भर घालण्याचा अधिकार दिला, आणि तो केवळ ॲक्सेसटू या प्रकारे. याचा परिणाम सुंदर आहे. सचिवांचे ॲप फोल्डरात नवी पावती टाकू शकते. पण टाकलेल्या पावतीला स्वतःची एसीएल नसल्याने तिला फोल्डराची डिफॉल्ट विधाने लागतात आणि त्यांत फक्त मालक आहे. या पद्धतीत फाइल तयार करणाऱ्याला केवळ ती तयार केली म्हणून कोणताही अधिकार उरत नाही. टपालपेटीत टाकलेले पत्र टाकणाऱ्याला परत काढता येत नाही, तसे हे आहे. भर घालण्याचा अधिकार डिफॉल्टनेही दिला असता तर आधीच्या पावत्यांच्या आत ओळी जोडणे संस्थेला शक्य झाले असते. ते आता शक्य नाही.

सचिवांचा आक्षेप रास्त होता. फॅट चुकीचे पडले आणि पावती दुरुस्त करायची असेल तर काय करायचे? ठरले असे की जुनी पावती तशीच राहील आणि तिचा क्रमांक सांगणारी दुरुस्तीची नवी पावती जाईल. दप्तरातही खाडाखोड करण्यापेक्षा उलटी नोंद करण्याची रीत आहे, त्यामुळे लेखापरीक्षकांना हे लगेच पटले. बिल काढण्यासाठी पॉड वाचण्याची गरज नव्हतीच. संकलनाची नोंद संस्थेच्या स्वतःच्या दप्तरात असते आणि बिल तिथूनच निघते. पहिल्या साच्यात वाचनाचा अधिकार दिला होता तो प्रत्यक्ष कामासाठी कधीच लागलेला नव्हता, हे येथे स्पष्ट झाले.

सर्वांत लांबलेली चर्चा बँकेशी झाली. शाखेच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की सभासद आपल्या पॉडमधील पावत्या स्वतः बदलू शकत असेल तर त्या पावत्यांवर कर्ज कसे द्यायचे. म्हणून दुधाच्या फोल्डरावर मालकालाही केवळ वाचनाचा अधिकार असावा. शंका खरी आहे, उपाय मात्र चुकीच्या जागी आहे. कोणी काय पाहावे हे परवानगी ठरवते. कागद खरा आहे की नाही हे ठरवणे तिचे काम नाही. मालकाचा लिहिण्याचा अधिकार काढून घेतला तर त्या साठ्याला व्यक्तिगत म्हणण्यात काही अर्थ राहत नाही, कारण नको असलेला कागद काढून टाकण्याचा हक्कही त्यातच आहे. त्याऐवजी प्रत्येक पावतीवर संस्थेची डिजिटल स्वाक्षरी घालण्याचे ठरले. अशा स्वाक्षरीयुक्त दाखल्यांसाठी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१९ मध्ये शिफारस केलेला नमुना उपलब्ध आहे. एक आकडा बदलला तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि बँकेला ते तपासायला संस्थेकडे यावे लागत नाही. अधिकाऱ्यांनी हे मान्य केले, परंतु एक मुद्दा त्यांनी बरोबर पकडला : सभासदाने एखाद्या वाईट महिन्याच्या पावत्या काढूनच टाकल्या तर? म्हणून दर दहा दिवसांच्या बिलावर त्या काळातील पावत्यांचे क्रमांक असतात; पावती गाळली तर गाळलेली आहे एवढे दिसते.

बँकेसाठी साच्यात कोणतेही विधान ठेवलेले नाही. कर्ज मागणाऱ्याने त्या वेळी एक वेगळे फोल्डर करून त्यात हव्या त्या बिलांच्या प्रती ठेवायच्या आणि त्या फोल्डरावर बँकेला वाचन द्यायचे, असे ॲपमध्ये केले आहे. वेब ॲक्सेस कंट्रोलच्या मूळ भाषेत परवानगीला मुदत घालता येत नाही, म्हणून मुदत ॲप लक्षात ठेवते आणि ती संपली की सभासदाला परवानगी काढण्याविषयी विचारते. देताना जेवढे सोपे तेवढेच काढून घेताना असावे, हे २०२३ च्या अधिनियमातील संमतीच्या तरतुदींत आहेच.

पशुवैद्यकांचा प्रश्न वेगळा होता, कारण ते बदलतात. जनावरांच्या फोल्डरावर एका गटाला वाचन आणि भर घालण्याचा अधिकार दिला आहे आणि गटात कोण आहे याची यादी संस्थेच्या साठ्यात आहे. डॉक्टर बदलले की एका यादीत बदल करून काम होते. ही सोय घेताना किंमत ओळखली पाहिजे : ती यादी जो बदलू शकतो तो गावातल्या प्रत्येक गोठ्याच्या नोंदीचे दार उघडू शकतो. म्हणून गट या एकाच फोल्डरापुरता वापरला, नियंत्रणाचा अधिकार त्याला कुठेही दिला नाही, आणि यादीतला प्रत्येक बदल संकलन केंद्राच्या फलकावर लागतो.

आधीच उघडलेल्या पॉडचे काय करायचे

साचा बदलला म्हणून जुनी पॉड बदलत नाहीत. साचा पॉड तयार होताना एकदाच उतरतो. नंतर ती एसीएल सभासदाची असते. सर्व्हर चालवणाऱ्याच्या हातात डिस्क असल्यामुळे सगळ्या एसीएल फाइली एका रात्रीत बदलणे तांत्रिक दृष्ट्या सोपे होते आणि तसे करावे असा आग्रहही झाला. अधिकार कमी करणारा बदल विचारल्याशिवाय केला तरी चालेल, वाढवणारा चालणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. मला तो अर्धाच पटतो. मधल्या काळात काही सभासदांनी, विशेषतः ज्या घरांत कोणी शिकलेले होते त्यांनी, स्वतः परवानग्या बदललेल्या होत्या. सरसकट बदलाने त्यांनी केलेले पुसले गेले असते.

म्हणून आधी प्रत्येक पॉडची मुळाची एसीएल मूळ साच्याशी ताडून पाहिली. जी अक्षरशः साच्यासारखी होती, म्हणजे जिला मालकाने हातच लावलेला नव्हता, तिच्यातून संस्थेचे आणि सर्वांसाठीचे विधान काढले आणि दुधाच्या फोल्डराला नवी एसीएल दिली. तिथे संस्था स्वतःला मिळालेला अधिकार सोडत होती आणि तो तिने सोडायलाच हवा होता. जिथे मालकाने काही बदल केला होता तिथे सभासदाला समोर बसवून, काय आहे आणि काय होईल हे सांगून बदल केला. हे काम संकलनाच्या वेळेनंतर केंद्रातच चालले आणि सचिव स्वतः बसले. नव्याने उघडणाऱ्या पॉडसाठी एक तपासणीही जोडली : पॉड तयार होताच एक अनोळखी वेबआयडी आणि संस्थेचा वेबआयडी अशा दोन बाजूंनी प्रत्येक फोल्डर उघडून पाहायचा प्रयत्न होतो, मुळाशी एक नवे फोल्डर करून त्यातही डोकावले जाते, आणि अपेक्षेबाहेर काही उघडले तर ते पॉड सभासदाच्या हाती दिले जात नाही. नवे फोल्डर करून पाहणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. मूळ घटनेत जे उघडे पडले ते साच्यात नसलेले फोल्डरच होते.

साच्याच्या आवाक्याबाहेरचे

परवानगी म्हणजे कुलूपबंद लेखन नव्हे. फाइली सर्व्हरच्या डिस्कवर साध्या रूपात असतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याला, मनात आणले तर, त्या वाचता येतात. हे सभासदांना स्पष्ट शब्दांत सांगावे असा माझा आग्रह होता, आणि आता ते पॉडच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहिलेले आहे. पॉड एकगठ्ठा उघडताना खात्यांचे पासवर्डही प्रोग्रामनेच तयार केले होते आणि त्यांची फाइल संस्थेच्या संगणकावर होती. ती राहिली असती तर एसीएलमध्ये काहीही लिहिले तरी उपयोग नव्हता. ती फाइल नष्ट केली आणि पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलणे सक्तीचे केले. तरीही पुष्कळ घरांत खाते आईच्या नावावर आणि मोबाइल मुलाच्या हातात आहे. कोणत्याही साच्याला हे दिसत नाही. सर्व्हरच्या लेखी त्या मोबाइलवरचा माणूस म्हणजेच ती आई.

वारसाचा प्रश्न मात्र साच्यापर्यंत आला. सभासद गेल्यावर त्याचे पॉड कोणालाच उघडता येत नाही, म्हणून साच्यातच वारसाच्या वेबआयडीला नियंत्रणाचा अधिकार द्यावा अशी सूचना काही जुन्या सभासदांनी केली. संस्थेत भागासाठी नामनिर्देशन असते, तसे येथेही असावे हे त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम १४ मध्ये मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क वापरण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार आहेच. पण या भाषेत ‘मृत्यूनंतर’ असे लिहिता येत नाही. आज लिहिलेला अधिकार आजपासून चालतो, आणि सासूच्या पॉडवर सुनेचे किंवा बापाच्या पॉडवर लेकाचे नियंत्रण त्यांच्या हयातीत साच्याने बसवणे म्हणजे पहिल्या साच्याने जे केले तेच घराच्या आत करणे. सध्या साच्यात वारस नाही. ज्याला हवा आहे त्याने संस्थेकडे नामनिर्देशनाचा लेखी अर्ज द्यायचा, आणि मृत्यूचा दाखला पाहून संचालक मंडळाच्या ठरावानंतरच सर्व्हर चालवणाऱ्याने मालकाचा वेबआयडी बदलायचा, अशी पोटनियमातील दुरुस्ती पुढच्या वार्षिक सभेसमोर ठेवली जाणार आहे.